आत्मकथनाचा वाचक : शिरूर-दौंडच्या संदर्भात

१

दलित आत्मकथनांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ती का लिहिली गेली, त्यांची भाषा कोणती, त्यांना आत्मचरित्र म्हणावे की स्वकथन, या प्रश्नांवर परिसंवाद झाले, प्रबंध झाले. या सगळ्या चर्चेत एक माणूस मात्र बहुतेक दाराबाहेरच उभा राहिला. तो म्हणजे वाचक. एखाद्या आत्मकथनाने आपल्याला हलवले, बदलले, असे अनेकजण सांगतात. कार्यकर्ते सांगतात, शिक्षक सांगतात, वसतिगृहातील विद्यार्थी सांगतात. पण हलणे म्हणजे नेमके काय? डोळ्यांत पाणी येते आणि सुकतेही. पुस्तक मिटल्यावर त्या माणसाच्या निर्णयात, व्यवहारात, त्याने उभ्या केलेल्या कामात काही फरक पडला काय, हा खरा प्रश्न आहे. तो रसग्रहणाचा नसून इतिहासाचा प्रश्न आहे. म्हणून पुराव्यानेच तपासला पाहिजे.

या तपासणीसाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन शेजारी तालुके मुद्दाम घेतले आहेत. दोहोंच्या मधून भीमा वाहते. एका तालुक्याने आपल्याला आत्मकथा नसलेली नावे दिली. दुसऱ्यात एक आत्मसाक्ष लिहिली गेली, आणि ती लिहिणारी बाई स्वतः इतरांच्या आत्मकथा वाचून बदललेली होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आत्मकथन कोणासाठी असते, आणि वाचकाने त्याचे काय करायचे असते, याचा उलगडा होऊ लागतो.

२

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली सुमारे आठशेंची कंपनी सरकारची एक तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगाव भीमा येथे पेशव्याच्या फौजेशी तिची गाठ पडली. पुढची हकीकत या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. कोरेगाव हे गाव शिरूर तालुक्यात आहे. विजयस्तंभ नदीच्या पुण्याकडील बाजूस, पेरणे गावच्या हद्दीत, म्हणजे हवेली तालुक्यात उभा आहे. १८२१ साली त्याचा पाया घातला गेला. त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत आणि त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे स्पष्ट वाचता येतात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि दगडावरची ती अक्षरे आपल्या समाजाच्या वाचनात आली.

येथे थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या लढाईची हकीकत इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिली. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती आली. परंतु त्या नावांपैकी एकाचीही स्वतःची हकीकत आपल्याकडे नाही. तो कोणत्या गावचा होता, पलटणीत का शिरला, घरी कोण होते, त्या दिवशी तहानेने जीव कासावीस झाला तेव्हा समोर भीमेचे पाणी पाहून त्याला काय वाटले, यातले अक्षरही नाही. दगडाने नाव ठेवले, पण माणूस ठेवला नाही. जो लढला त्याला लिहिता येत नव्हते, कारण त्याला लिहू दिले गेले नव्हते. ज्याला लिहिता येत होते त्याने लढणाऱ्याला कधी विचारले नाही.

ही पोकळी भरण्याचे पहिले प्रयत्न आत्मकथेच्या रूपाने झाले नाहीत. ते निबंधाच्या आणि अर्जाच्या रूपाने झाले. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिने मांग-महारांचे दुःख ‘आम्ही’ म्हणून सांगितले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. या अर्जांत पूर्वजांच्या लष्करी नोकरीचा आधार घेतला होता. अर्ज हाही एक प्रकारचा आत्मवृत्तान्तच असतो. फरक इतकाच की त्याचा वाचक एकटा असतो, तो सत्तेच्या खुर्चीवर बसलेला असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे असते.

३

आता नदी ओलांडून दौंड तालुक्यात येऊ. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव हे स्टेशन आहे. तेथील मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभारले, एवढे शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. त्याच केडगावात १९०७ साली रमाबाईंनी आपली आत्मसाक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. ‘अ टेस्टिमनी’ हे तिचे नाव. टेस्टिमनी म्हणजे साक्ष. ख्रिस्ती परंपरेत या शब्दाला विशिष्ट धार्मिक अर्थ आहे, हे खरे. पण न्यायालयातही साक्षच देतात, आणि रमाबाईंच्या पुस्तकाला तोही अर्थ लागू पडतो.

हे पुस्तक एका वाचणाऱ्या बाईची कथा म्हणून वाचून पाहावे. तिच्या आयुष्यात वाचनाच्या तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी पुण्यासाठी वाचनाची. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमत झुगारून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थातीर्थांतून फिरत देवळात पुराणे वाची. ऐकणाऱ्यांना अर्थ कळलाच पाहिजे, अशी अपेक्षा नव्हती. कानावर पडले की पुण्य लागे, आणि वाचणाऱ्याला दक्षिणा मिळे. पुढे १८७० च्या दशकातील दुष्काळात साठवलेला पैसा देव-ब्राह्मणांच्या दानात संपला. अंगमेहनतीचे काम जातीच्या अभिमानामुळे करवेना, ते येतही नव्हते. उपासमारीने आई-वडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. रमाबाई हे सगळे लपवून ठेवीत नाहीत. जातीचा अभिमान माणसाला उपाशी मारू शकतो, ही कबुली एका शास्त्र्याच्या मुलीने लेखी दिली आहे, हे आपण नोंदवून ठेवले पाहिजे.

दुसरी पायरी तपासण्यासाठी वाचनाची. कलकत्त्याला त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. स्त्रियांना धर्मशास्त्रातील त्यांची कर्तव्ये समजावून सांगा, असे तेथील पंडितांनी सुचवले. व्याख्यानासाठी त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या. ग्रंथाग्रंथांत परस्परविरोध, पण स्त्री ही मुळातच वाईट, उच्च जातीची असो वा नीच, यावर मात्र सर्वांचे एकमत, हे त्यांना दिसले. शूद्रांचे आणि त्याखालच्यांचे कर्तव्य वरच्यांची सेवा करणे एवढेच, हेही दिसले. त्याच ग्रंथांना बाबासाहेबांनी पुढे जो प्रश्न विचारला, त्याच्या जवळ ही बाई पन्नास वर्षे आधी आपल्या वाटेने येऊन पोचली होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सनातन्यांनी गदारोळ केला, तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू जोतीराव फुल्यांनी घेतली. आपल्या चळवळीचे आणि रमाबाईंचे नाते शोधणाऱ्याने हा धागा विसरू नये.

तिसरी पायरी आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. धर्म बदलला तरी आपण आतून बदललो नाही, ही जाणीव त्या वाचनाने झाल्याचे त्या सांगतात. पुढे त्यांनी आणखी तीन वृत्तान्त वाचले : ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर, आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पॅटन. म्युलर यांनी कोणाकडे वर्गणी न मागता अनाथाश्रम चालवले आणि त्यांत दोन हजारांवर मुलांची सोय झाली. हे वाचून रमाबाईंना पडलेला प्रश्न असा : जे त्या देशांत घडले, ते हिंदुस्थानात घडू शकेल काय?

हा प्रश्न साधा दिसतो, पण सगळे मर्म त्यातच आहे. रमाबाईंनी ‘किती थोर माणूस!’ म्हणून पुस्तक कपाटात ठेवले नाही. त्यांनी दुसऱ्याची कहाणी पुरावा म्हणून हातात घेतली आणि ती आपल्या भूमीवर लावून पाहिली. त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. १८८९ साली सुरू झालेली ती मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. पुण्यात तर १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून सल्लागार मंडळच बाहेर पडले होते. पुढे काय, हा प्रश्न पोटापाण्याचा होता. त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळझाडे लावली, विहिरी खोदल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली आणि विधवांना त्या घेऊन आल्या. त्या मुलींत त्यांना वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार दिसत होती. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीतील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

रमाबाईंची श्रद्धा आपण स्वीकारावी असा येथे आग्रह नाही. बुद्धाच्या मार्गाने जाणाऱ्याला ईश्वरी कृपेचा त्यांचा हवाला पटणारही नाही. परंतु त्या वाचनाचे फळ केडगावच्या माळावर विहिरींच्या, शाळांच्या, छापखान्याच्या रूपाने उभे राहिले, हे नाकारता येणार नाही. आत्मकथा माणसाला बदलते म्हणजे काय, याचे इतके स्पष्ट उदाहरण आपल्या जिल्ह्यात दुसरे सापडणे कठीण.

४

आता कौतुक बाजूला ठेवून एक कडवा प्रश्न विचारला पाहिजे. शारदा सदनात शिकलेली गोदूबाई ही बालविधवा पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली आणि तिने ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले. ते १९४४ साली आले आणि वाचकांनी त्याचे स्वागत केले. पण दुष्काळातून केडगावला आलेल्या त्या शेकडो मुलींचे काय? त्यांत अनेक जातींच्या, शेतमजुरांच्या, भूमिहीनांच्या मुली होत्या. त्या अक्षरे शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्याच हातांनी छापले गेले. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली तो ग्रंथ पूर्ण प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचा ग्रंथ ज्यांनी अक्षर अक्षर जुळवून उभा केला, त्यांची स्वतःची हकीकत मात्र आपल्याला दिसते ती मिशनच्या वृत्तान्तांत, दुसऱ्याच्या तोंडून. कोरेगावच्या स्तंभावर नावे आहेत, आवाज नाही. केडगावच्या मुलींच्या बाबतीत कित्येकदा नावही नाही, केवळ आकडा आहे. साक्षर होणे आणि साक्षीदार होणे यांत केवढे अंतर आहे, हे येथे कळते.

आणखी एक गोष्ट. रमाबाईंची साक्ष इंग्रजीत होती, कारण ती ऐकणारे कान परदेशात होते. १९३० च्या दशकात बाबासाहेबांनी आपल्या आठवणी लिहिल्या, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, त्याही इंग्रजीत, आणि अस्पृश्यता प्रत्यक्षात कशी पाळतात हे ठाऊक नसलेल्या परकीयांना ती समजावी म्हणून. १९०१ मधील साताऱ्याहून गोरेगावपर्यंतचा प्रवास, बडोद्यातील निवारा, १९२९ चे चाळीसगाव, १९३४ चे दौलताबाद हे प्रसंग त्यांत आहेत. पुस्तिकेच्या रूपाने त्या १९९० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत बाबासाहेबांनी केवळ स्वतःचे सांगितले नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंत पत्नी डॉक्टरने नीट न तपासल्यामुळे दगावली. त्या शिक्षकाने १९२९ साली वृत्तपत्राला लिहिलेले पत्र त्यांनी वाचले होते. ते त्यांनी आपल्या आठवणींच्या शेजारी ठेवले. येथे वाचक बाबासाहेब आणि साक्षीदार बाबासाहेब एकच होतात. दुसऱ्याची व्यथा वाचून त्यांनी ती आपल्या फिर्यादीत दाखल केली.

स्वतः बाबासाहेबांना एका चरित्राने कसे वळण दिले, हेही त्यांनीच सांगितले आहे. शालेय परीक्षेतील यशाबद्दल समाजाने सत्कार केला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते वाचून त्यांनी वडिलांना विचारले, आपल्याला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाचे वाङ्मय का दिले नाही? १९५६ साली ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही आठवण आहे. रमाबाईंचा प्रश्न आणि हा प्रश्न यांत साम्य आहे. दोघेही पुस्तक मिटून गप्प बसले नाहीत. दोघांनीही ते आपल्या घरातील वास्तवाला लावून पाहिले.

५

१९७८ च्या शेवटी दया पवारांचे ‘बलुतं’ आले. ते ‘ग्रंथाली’ने काढले, आणि ‘ग्रंथाली’ ही स्वतःला वाचक चळवळ म्हणवणारी संस्था, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पाठोपाठ ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘तराळ-अंतराळ’ आली. ‘उपरा’ला १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आता साक्ष मराठीत होती, परदेशी न्यायासनापुढे नव्हती. गावच्या लोकांना गावच्याच भाषेत ती सांगितली जात होती. म्हणून तिचा दाह अधिक होता.

सवर्ण वाचक हळहळला, ओशाळला, काही वेळा रागावला. आपल्या समाजातील सुशिक्षितांनीही विचारले, जुना उकिरडा कशाला उकरता? मुलाबाळांच्या शाळेत, कचेरीत, आम्हाला मान खाली घालावी लागते. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्याने कष्टाने जात लपवून शहरात घर केले, त्याची भीती खरी होती. ‘बलुतं’चा निवेदकच दोन तुकड्यांत विभागलेला आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. लाजणारा आणि सांगणारा हे दोघे एकाच माणसात आहेत, हे लेखकाने मान्य केले होते. वाचकालाही आपल्यातील या दोघांची भेट घ्यावी लागली, आणि अनेकांच्या आयुष्यात खरा बदल तेथूनच सुरू झाला. लाज आपली नाही, ती लादणाऱ्याची आहे, हे ज्याला उमगले त्याची मान वर झाली.

या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील आहे. बेबीताई कांबळे यांचा जन्म १९२९ साली वीरगावचा. पुढे फलटणला त्या छोटे किराणा दुकान चालवीत. माल बांधून द्यायला आणलेल्या रद्दीतील वर्तमानपत्रे गिऱ्हाईक नसताना त्या वाचू लागल्या. वाचता वाचता लिहू लागल्या. लिहिलेले त्यांनी नवऱ्यापासून आणि मुलापासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. मॅक्सीन बर्नसन या फलटणला स्थायिक झालेल्या अभ्यासक बाईंच्या प्रोत्साहनाने ते उजेडात आले. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ साली पुस्तकरूपाने ‘जिणं आमुचं’ प्रसिद्ध झाले. नाव पाहा : जिणं ‘माझं’ नव्हे, ‘आमुचं’. १८५५ सालच्या मुक्ता साळवेचा ‘आम्ही’ येथे पुन्हा भेटतो. शिवाय या ‘आम्ही’त नवऱ्याच्या हातचा मार खाणारी सून आहे, सासूचा जाच आहे, आपल्याच घरातील गुलामी आहे. ही साक्ष परक्यांपुढे नाही, सवर्णांपुढेही नाही. ती आपल्याच उंबऱ्याच्या आत दिली आहे. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने आली. तीवरून ‘नाजुका’ ही दूरदर्शन मालिका झाली, आणि ज्यांना वाचता येत नव्हते अशा आयाबायांपर्यंतही ती पोचली.

केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलींनी जे लिहिले नाही, ते रद्दी वाचणाऱ्या बाईने लिहिले. मधल्या काळात बाबासाहेबांची चळवळ झाली होती. लिहिण्यासाठी अक्षर लागते, परंतु ‘माझे जगणे लिहिण्याजोगे आहे’ हा विश्वास चळवळच देते.

६

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र निघते. आत्मकथन तेव्हाच माणसाला बदलते, जेव्हा वाचक ते गोष्ट म्हणून न वाचता साक्ष म्हणून वाचतो. साक्ष ऐकणाऱ्यावर जबाबदारी येते. ती खरी आहे काय, माझ्या गावात असेच आहे काय, आणि असेल तर मी कोणत्या बाजूला उभा आहे, हे त्याला ठरवावे लागते. यापुढची पायरी म्हणजे ज्याला हे विचारावेसे वाटले, त्याने आपली साक्ष दिली पाहिजे, नाहीतर दुसऱ्याची नोंदवून घेतली पाहिजे.

शिरूर-दौंडमध्ये आज हे काम उभे आहे. उसाच्या हंगामात फडावर येणाऱ्या तोडणी कामगारांच्या कोप्या, वीटभट्ट्या, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारांच्या खोल्या, पारध्यांची पाले : येथले जगणे कोण लिहितो? गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशयाची नजर रद्द झाली नाही. पारध्याचे नाव अजूनही आधी पोलिसांच्या कागदावर येते. त्याच्या स्वतःच्या कागदावर ते केव्हा येणार?

शिक्षकांनी ही पुस्तके परीक्षेच्या टिपांपुरती शिकवू नयेत. वर्गात ‘हे तुमच्या गावात आहे का?’ असा प्रश्न विचारावा आणि उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. विद्यार्थ्यांनी घरातील म्हाताऱ्यांजवळ वही घेऊन बसावे. कार्यकर्त्यांनी विहारात, समाजमंदिरात एखादे आत्मकथन मोठ्याने वाचावे. पुराणिकासारखे पुण्यासाठी नव्हे, तर वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांना बोलू देण्यासाठी. दरवर्षी १ जानेवारीला लाखो लोक स्तंभावरची नावे वाचायला भीमेकाठी येतात. त्या नावांमागची माणसे आता बोलू शकणार नाहीत. जी माणसे आज बोलू शकतात, त्यांचे बोलणे कागदावर उतरवणे एवढे तरी आपल्या हातात आहे.